रिकामा डबा चालणार नाही

आमच्या सगळ्या गोतावळ्यात जे जे नवीन यंत्र शिरलं ते माझ्या साडूंचं बोट धरून शिरलं, आणि त्या यंत्रांना रामराम ठोकून बाहेर पडणारा पहिला माणूसही तेच निघाले. साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेजाऱ्यांकडे आपला फोन आला की हातातलं काम टाकून पळत जायचं, अशा काळात यांच्या कमरेला पेजर होता. त्यावर निरोप यायचा तो बहुतेक वेळा ताईंचाच, येताना कोथिंबीर आणा म्हणून. पण साडू भरल्या पानावरून उठून, चष्मा लावून, तो अशा चेहऱ्याने वाचायचे की पाहणाऱ्याला वाटावं दिल्लीचं सरकार पडलं. पुढे गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले तेव्हा चांगली कारखान्यातली नोकरी सोडून ते पोरांच्या बाकावर जाऊन बसले. लोक हसले. मग हिंजवडीच्या माळावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या एकीत साडूंना टेबल मिळालं, तेव्हा तेच लोक आपापल्या पोरांना घेऊन त्यांच्याकडे सल्ला मागायला आले.

त्यांचं काम टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. पुणेकराला याहून सुखाची नोकरी कोणती असणार? तेच काम फुकटात करणारी माणसं आमच्या गल्लीत ढिगाने होती. पण साडूंनी ते इतकं मनावर घेतलं की ऑफिस सुटलं तरी टेस्टिंग सुटेना. आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आलेली बाकीची मंडळी जिलबीचं कौतुक करत होती, तेव्हा हे गृहस्थ एकेक दार उघडून लावून बघत हिंडत होते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "साडूभाऊ, न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडला की मोरीतल्या नळाची धार बारीक होते. मी दोष देत नाही, मी फक्त नोंदवतो." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस आमच्या नात्यात नाही. लग्नात नवरदेवाच्या फेट्याबद्दल, बारशात बाळाच्या नावाबद्दल, आणि एकदा तर स्वतःच्या सासुरवाडीच्या बासुंदीबद्दलही त्यांनी दोष न देता नोंदवलं आहे. त्या बासुंदीनंतर ताई बरेच दिवस त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या.

हातात स्मार्टफोन आले तेव्हा आम्हा सगळ्यांना सोशल मीडियावर ओढून नेलं तेही साडूंनीच. माझं खातं त्यांनीच उघडून दिलं. माझा फोटोही त्यांनीच निवडला. त्यात मी उसाचा रस पितो आहे. नातेवाइकांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप, पॉलिटेक्निकच्या जुन्या मित्रांचा ग्रुप, सगळीकडे ॲडमिन साडू. सकाळी सूर्योदयाचं चित्र पाठवणाऱ्याला ते विचारत, "हा सूर्य कुठला आहे? मागे बर्फ दिसतो आहे. आपल्याकडे पर्वतीमागे बर्फ नाही." कोणी आरोग्याचा सल्ला पाठवला की पुरावा मागत. लोक चिडायचे, पण ग्रुप सोडायचे नाहीत, कारण उरलेले सगळे साडूंच्या त्या टोमण्यांचीच वाट बघत बसलेले असायचे.

आणि मग निवृत्तीनंतर वर्षभरात साडूंनी हे सगळं सोडलं. दुसरा कोणी असता तर गुपचूप बाहेर पडला असता. साडूंनी रीतसर नोटीस दिली. "अमुक तारखेपासून मी कोणत्याही ग्रुपवर असणार नाही. तोपर्यंत ॲडमिनपदाचा कार्यभार योग्य व्यक्तीकडे सोपवण्यात येईल. यापुढे ज्यांना माझ्याशी मैत्री ठेवायची असेल त्यांनी ती ठेवावी." नातेवाइकांच्या ग्रुपवर हे पडलं तेव्हा आमच्या एका मामांनी पहिल्या ओळीतलं 'असणार नाही' एवढंच वाचलं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाठवली. पाठोपाठ हात जोडल्याची चित्रं आली, फुलं आली, 'फार सज्जन माणूस' असंही कोणी लिहिलं. साडूंनी शांतपणे खाली लिहिलं, "मी आहे. मजकूर पूर्ण वाचावा." त्यावरही मामांनी अंगठा दाखवला.

का सोडलं, असं कोणी विचारलं की साडू सांगत, "बॅटरी फार उतरते." लोकांना ते पटायचंही. खरं कारण ताईंना माहीत होतं, आणि ताईंमुळे मला. पॉलिटेक्निकच्या ग्रुपवर युसूफ इनामदार म्हणून साडूंचे मित्र होते, राहणार कसबा पेठ. दोघं पॉलिटेक्निकात एका बाकावर बसले, एकाच ड्रॉइंग बोर्डावर काम केलं, एकाच सायकलवरून डबल सीट घरी आले. साडूंच्या लग्नात वरातीचा बँड वेळेवर आला नाही तेव्हा युसूफभाई स्वतः जाऊन कुठून तरी दुसरा घेऊन आले होते. तर हे युसूफभाई एकाएकी ग्रुपवर घरगुती उपाय पाठवायला लागले. कुठल्याशा पाल्याचा काढा, कसलंसं बी रात्री भिजवून सकाळी त्याचं पाणी. एका काढ्यावर साडूंनी लिहिलं, "खात्री न करता पुढे ढकलणाऱ्यांनी हा काढा आधी स्वतः प्यावा आणि जिवंत राहिल्यास निकाल कळवावा." सगळा ग्रुप लोटपोट हसला. युसूफभाईंनी काहीच उत्तर दिलं नाही. त्या वेळी त्यांच्या पत्नी, शमाभाभी, मूत्रपिंडाच्या दुखण्याने दवाखान्यात होत्या आणि युसूफभाई मिळेल त्या उपायाच्या मागे धावत होते, हे ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं. साडूंनाही नव्हतं. कळलं ते भाभी गेल्यावर.

साडू भेटायला गेले. घर माणसांनी भरलेलं होतं. युसूफभाईंनी हात हातात घेतला, "बस" म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले. साडू तासभर कोपऱ्यात बसून परत आले आणि त्याच आठवड्यात नोटीस लिहायला घेतली. ताई म्हणाल्या, "ग्रुप सोडून काय होणार? जा आणि माफी मागा." तर साडू म्हणाले, "तीस माणसांदेखत बोललो, आता एकट्यात जाऊन माफी मागू? आणि तीस माणसांत मागितली तर त्यालाच पुन्हा खाली बघावं लागेल." अशा बारीक विचारातून माणूस कधी बाहेर पडत नाही. साडू तर ग्रुपमधूनच बाहेर पडले.

आता मैत्री ठेवायची कशी? साडूंनी त्यावर महिनाभर विचार केला आणि कसबा पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलचे डबे आणले. एकाच मापाचे, घट्ट झाकणाचे, प्रत्येकावर मशीनने साडूंचं नाव घातलेलं. त्यांचा युक्तिवाद असा की आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. डबा गेला की तो भरून येणार, भरून आला की पुन्हा भरून जाणार, आणि डबा काही आपल्या पायांनी चालत नाही, त्यामुळे त्याच्याबरोबर माणसाला यावं लागणार. "मेसेजला उत्तर दिलं नाही तरी चालतं. डब्याला द्यावंच लागतं," असं त्यांनी मला समजावलं. मग ते मेतकूट करायला शिकले. ताईंना स्वयंपाकघरातून बाहेर काढून, डाळींची मापं बदलून बदलून, प्रत्येक वेळी आम्हाला चाखायला लावून त्यांनी मेतकुटाचं टेस्टिंग केलं. त्या दिवसांत आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ मऊ भात होता. मुलं काकांची गाडी खाली वाजली की जेवण झालं म्हणून सांगायची.

डबा देताना साडू दारातच नियम सांगत. परत येताना रिकामा चालणार नाही. विकतचं चालणार नाही, घरी केलेलं हवं. वॉचमनकडे ठेवलेला चालणार नाही, हातोहात हवा. बाणेरला राहणाऱ्या त्यांच्या जुन्या मॅनेजरांनी डबा घरपोच सेवेच्या माणसाबरोबर परत पाठवला. साडूंनी त्या माणसाला पाणी दिलं, चहा दिला, आणि डबा त्याच्याचबरोबर उलट पाठवला. टेकडीवरच्या एकांनी डब्यात काजू-बदाम भरून आणले, तर साडूंनी विचारलं, "घरी झाड आहे का?" आणखी एकांच्या सुनेने चिमूटभर साखर घालून दिला. साडू म्हणाले, "साखर घालणं म्हणजे पोच देणं झालं. उत्तर नव्हे." काही माणसं अर्थातच गळाली. डबे मात्र बहुतेकांनी ठेवून घेतले. पण जी टिकली त्यांची गंमत बघण्यासारखी होती. सहकारनगरचे एक निवृत्त बँकवाले, ज्यांनी जन्मात गॅस पेटवला नव्हता, ते चिवडा करायला शिकले आणि तो घेऊन आले की दोन-दोन तास त्या चिवड्यावरच बोलत बसायचे. साडू आधी चिवड्यातले दोष नोंदवत, मग संपवत.

युसूफभाईंनाही डबा गेला. शमाभाभींना जाऊन काही महिने झाले होते. साडू एकटेच गेले होते. दार उघडल्यावर काय बोलावं ते सुचेना, म्हणून तिथेही त्यांनी सगळे नियम म्हणून दाखवले आणि आत न जाताच परत आले. ताईंनी हे ऐकून कपाळावर हात मारला. आणि तो डबा आलाच नाही. बाकीचे येत होते, जात होते. साडू दारावरची बेल वाजली की हातातला पेपर खाली ठेवत, दार उघडत, आणि दुसराच कोणी दिसला की "या, या" म्हणताना त्यांचा आवाज थोडा उतरायचा. असं वर्ष गेलं. दुसरंही निम्मं सरलं. मी एकदा म्हणालो, "अहो, तुम्हीच जाऊन या की." तर म्हणाले, "पाळी त्याची आहे. डबा आणायचा नसेल तर तो त्याचा निर्णय आहे. मी तिथे जाऊन उभा राहिलो तर त्याला नाही म्हणणं अवघड जाईल." मग पेपरची घडी घालत म्हणाले, "आणि जोपर्यंत डबा त्याच्याकडे आहे तोपर्यंत त्याने नाही म्हटलेलं नाही."

दसऱ्याच्या आधी ताईंनी बातमी आणली. युसूफभाईंचा मुलगा शहराच्या पार टोकाला, मांजरी गावाच्या बाजूला, नव्या सोसायटीत राहायला गेला होता, आणि आता वडिलांनाही कायमचं तिकडे नेणार होता. कसब्यातलं घर भाड्याने देणार होते. संध्याकाळी मी गेलो तेव्हा साडू गॅलरीत उभे होते. मी म्हणालो, "तुमच्या ऑफिसात एखादी गोष्ट फार दिवस तशीच पडून राहिली तर काय करायचे?"

"फॉलोअप."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत गेले आणि स्कूटरची किल्ली घेऊन आले. "तुम्ही मागे बसा," म्हणाले. "एकटा गेलो तर पुन्हा नियम सांगून परत येईन."

दार युसूफभाईंनीच उघडलं. माणूस वाळला होता, पण दाढी नीट कोरलेली, शर्टाला इस्त्री. "ये," म्हणाले, "आज आत येणार आहेस ना?" खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती. आम्ही बसलो. युसूफभाई आत गेले, साडूंचा डबा घेऊन आले आणि आमच्यामध्ये टीपॉयवर ठेवला. स्वच्छ घासलेला, झाकण बसवलेलं. साडू त्याला हात लावीनात.

"युसूफ, तू रागावला आहेस," ते म्हणाले.

"कशाबद्दल?"

"ते ग्रुपवर लिहिलं होतं मी. काढ्याचं. चुकलं माझं. मला माहीत नव्हतं, पण माहीत नसताना लिहायला नको होतं."

युसूफभाई खिडकीकडे बघत होते. "राग आला होता," ते म्हणाले. "दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं ते मी. फोन फेकून द्यावासा वाटला. मग आत जाऊन शमाला वाचून दाखवलं. म्हटलं बघ, तुझा दीर काय म्हणतोय. तर ती हसायला लागली. इतक्या दिवसांत हसली नव्हती. म्हणाली, बरोबर बोलतोय तो, आधी तुम्ही प्या. आणि मला प्यायला लावला."

"मग?"

"भयंकर होता. मग आम्ही तो बेसिनमध्ये ओतून दिला."

साडूंनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. "मग डबा का नाही आणलास?"

"काय घालून आणू?" युसूफभाई म्हणाले. "रिकामा चालणार नाही, तूच सांगितलंस. विकतचं चालणार नाही, तेही तूच, इथे दारात उभा राहून. माझं जेवण येतं खानावळीतून. ते तुझ्या डब्यात भरून देऊ? दोनदा मिठाईच्या दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो. म्हटलं हा दुकानाचं नाव विचारेल. सुनेला सांगावं, तर ती नोकरी करून दमलेली. करणारं माणूस होतं तेव्हा तू डबा पाठवला नाहीस, अरे. पाठवलास ते ती गेल्यावर."

खाली रस्त्यावर कोणी तरी शटर ओढत होतं. साडू खाली मान घालून बसले होते. जन्मभर दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय राहून गेलं ते शोधणारा हा माणूस. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी ते म्हणाले, "ही टेस्ट केस माझ्याकडून तपासायची राहिली."

"राहिली," युसूफभाई म्हणाले.

"तुला काय करता येतं?"

"चहा. आणि अंडी उकडता येतात."

"मग अंडी उकड."

"तुझ्या घरी चालत नाही."

"तो माझा प्रश्न आहे. उकड तू."

दोघेही आत गेले. मी बाहेर खोक्यांमध्ये बसून राहिलो. आतून भांड्यांचा आवाज आला, मग पाणी किती घ्यायचं यावरून वाद, मग मीठ आधी टाकायचं की नंतर यावरून वाद. मला उगाच माझ्या शाळेतल्या मित्रांची आठवण झाली. त्या सगळ्यांची मुलं, नातवंडं, सहलींचे फोटो मी रोज बघतो. त्यांतल्या एकाच्याही घरी जायचं तर मला पत्ता विचारावा लागेल. वाईट वाटलं, खरंच वाटलं. ते बाहेर आले तेव्हा दोघांच्याही चष्म्यावर वाफ होती. युसूफभाईंनी डबा साडूंच्या हातात दिला. साडूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. मांजरीला कोणती बस जाते, कुठे उतरायचं, तिथून पुढे कसं यायचं, हे युसूफभाई जिन्यापर्यंत सांगत आले. साडूंनी एकदाही मध्ये बोलून दुरुस्ती केली नाही.

येताना डबा माझ्या मांडीवर होता. कोमट होता. लकडी पुलावर गर्दी होती आणि साडू नेहमीपेक्षा फारच हळू चालवत होते, खड्डा आला की मागे वळून म्हणत होते, "धरलाय ना?" आता आठवलं तरी मला हसू येतं आणि पुढे नीट सांगता येत नाही.

ताईंच्या स्वयंपाकघरात त्यांच्या लग्नापासून अंडं आलेलं नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा अंडी खाण्याबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला होता, तेव्हा त्यालाही त्यांनी गच्चीत बसवून खायला घातलं होतं. साडूंनी डबा ओट्यावर ठेवला आणि बाजूला उभे राहिले. ताईंनी झाकण काढलं. पाहिलं.

"युसूफभावोजींनी स्वतः केली?"

"हो," साडू म्हणाले. "त्याला एवढंच येतं."

ताईंनी मांडणीवरच्या रोजच्या ताटल्या काढल्या आणि कागद न अंथरता टेबलावर मांडल्या. आपल्यासाठीही एक मांडली. मीठ आणि मिरपूड आणून ठेवली. आम्ही तिघं बसलो. ताईंनी आपल्या ताटलीतल्या अंड्याचा बारीक तुकडा मोडला, डोळे मिटून तोंडात टाकला आणि त्यावर पाणी प्यायल्या. साडू सावकाश खात होते. अंडी फार वेळ उकडली होती, पिवळ्या बलकाभोवती काळसर कडा आली होती आणि घास घशाशी अडकत होता. मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी काहीही नोंदवलं नाही.